थंडीत पिलांच्या घराला सारखी ऊब कशी द्याल?

तुरीच्या काढणीचे दिवस आले की आपल्या नांदेड-लातूर भागात रात्रीची थंडी बोचू लागते. पौषात पारा कधी कधी १० अंशांच्याही खाली जातो. माणूस घोंगडी ओढून घेतो, पण एका दिवसाच्या पिलाने काय करावे? गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया अशा जातींची शंभर-दोनशे पिलं हौसेने आणावीत आणि तिसऱ्या सकाळी कोपऱ्यात त्यांचा ढीग दिसावा, खालची गुदमरून मेलेली! लोक म्हणतात, "रोग आला." पुष्कळदा तो रोग नसतो, थंडी असते.

पिलाच्या अंगावर सुरुवातीला नुसती लव असते. पिसे फुटेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जावे. बल्ब चांगलाच, पण पहाटे वीज गेली तर काय? म्हणून कोळशाची शेगडी तयार ठेवावीच.

मात्र नुसती शेगडी पेटवली म्हणजे घर तापले असे होत नाही. गरम हवा वर जाते आणि पत्र्याला लागून थंड होते. खाली जमीन गारच! म्हणून पत्र्याखाली पोत्यांचे छत बांधावे. वाऱ्याच्या बाजूला तुराट्यांचा कूड किंवा पोत्यांचे पडदे लावावेत. वर मात्र फूटभर जागा मोकळी ठेवावी. जमिनीवर दोन इंच साळीचे तूस पसरावे. पिलांभोवती दीड फूट उंच पत्र्याचे गोल कडे करावे; कोपराच नसला तर ढीग होत नाही.

शेगडी मधोमध, विटांवर ठेवावी. वर पत्र्याचे झाकण अधांतरी टांगले की ऊब खाली, चहूकडे पसरते. एका मोठ्या शेगडीपेक्षा दोन लहान बऱ्या. कोळसा बाहेर पेटवावा, धूर संपून लाल झाला की मगच आत न्यावा. वर थोडी राख टाकली तर निखारा सावकाश जळतो. पहाटे तीन ते सहा ही वेळ सर्वांत गार, तेव्हा उठून बघावेच. पिलं यायच्या सात-आठ तास आधी घर तापवून ठेवावे.

थर्मामीटर पिलाच्या पाठीच्या उंचीवर टांगावा. नसला तरी पिलंच सांगतात. शेगडीजवळ दाटी करून चिवचिवाट केला तर थंडी वाजते. कड्याला चिकटून चोच उघडी टाकली तर उष्णता जास्त. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा लागतो. सगळीकडे पांगून दाणा-पाणी करत असली तर ऊब बरोबर आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे समजू नका. पिलांची राखण करायला बंद शेडमध्ये शेगडीजवळ कोणीही झोपू नये. घरातही दारे-खिडक्या लावून शेगडी ठेवू नये. डोके दुखले, गरगरले, मळमळले तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि १०८ ला फोन करावा. तूस, तुराट्या, पोती लवकर पेट घेतात. शेगडीभोवती जाळी आणि जवळ वाळूची बादली हवी.

पिलं गेली तर पैसा बुडतो, तो पुन्हा मिळवता येतो. माणूस गेला तर परत येत नाही. सरपंच आणि बचत गटांच्या प्रमुखांनी गावात पिलं येण्यापूर्वी एवढी गोष्ट घरोघर सांगावी. आणि ऊब बरोबर असूनही मरतूक थांबली नाही, तर मेलेले पिलू घेऊन जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.