त्रिमितीय मानवाकृतीस साधनवस्तू जोडण्याची प्रक्रिया : पेटीचरख्यावरील सूतकताईच्या संदर्भात

सारांश
संगणकावरील त्रिमितीय चित्रनिर्मितीत मानवाकृतीच्या हाती वस्तू देणे ही बाब वरकरणी सोपी भासते. प्रत्यक्षात वस्तू हाताजवळ ठेवणे आणि ती हाताशी जोडणे या दोन भिन्न क्रिया आहेत. प्रस्तुत लेखात पेटीचरख्यावर सूत कातणाऱ्या आकृतीचे उदाहरण घेऊन या जोडणीच्या तीन प्रकारांचे विवेचन केले आहे. कोण कोणाच्या मागे जातो हे आधी निश्चित केल्याखेरीज हस्तकौशल्याचे चित्रण विश्वसनीय होत नाही, हे येथे स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : त्रिमितीय चित्रण, सांगाडा, साधनवस्तू, पेटीचरखा, हस्तव्यवसायांचे दस्तऐवजीकरण.

१. प्रस्तावना
हिंगणघाट व परिसर कापसासाठी प्रसिद्ध आहे. याच वर्धा जिल्ह्यात १९३६ पासून सेवाग्राम हे खादी व ग्रामोद्योगाच्या कार्याचे केंद्र बनले. वर्धा येथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते झाले. असे असले तरी आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी चरखा केवळ चित्रात पाहिलेला असतो. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने चित्र हाच शिक्षक ठरतो. चित्रातील हात चरख्याच्या मुठीपासून दोन बोटे दूर असेल किंवा सूत चातीच्या टोकाऐवजी हवेतून निघत असेल, तर विद्यार्थी चुकीची क्रिया शिकतो. म्हणूनच इतिहास, गृहविज्ञान, वस्त्रशास्त्र व संगणकशास्त्र या सर्व विषयांच्या अध्यापकांना हा प्रश्न जाणून घेणे अगत्याचे आहे.

तयार मानवाकृतीला हवी ती अंगस्थिती देण्याची सोय सामान्य चित्रकारापर्यंत १९९५ मध्ये ‘पोझर’ या प्रणालीने आणली. पुढे ‘डॅझ स्टुडिओ’ ही त्याच धर्तीची प्रणाली आली. ‘ब्लेंडर’ ही प्रणाली २००२ पासून मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहे. या प्रणालींतील आज्ञांची नावे वेगळी असली तरी त्यामागील तत्त्व एकच आहे.

२. सांगाडा आणि अपत्यसंबंध
त्रिमितीय मानवाकृतीच्या त्वचेखाली एक अदृश्य सांगाडा असतो. त्यातील अस्थी एका क्रमाने जोडलेल्या असतात : खांदा, दंड, कोपराखालील हात, तळहात, बोटे. वरची अस्थी ही पालक आणि खालची अस्थी ही अपत्य होय. पालक हलला की अपत्य हलते. अपत्य हलल्याने पालक हलत नाही. खांदा वळविला असता बोटेही फिरतात ती यामुळेच.

वस्तूला तळहाताच्या अस्थीचे अपत्य केले म्हणजे ती या साखळीची शेवटची कडी बनते. त्यानंतर वस्तूचे स्थान चित्रभूमीच्या मूळ बिंदूपासून न मोजता तळहातापासून मोजले जाते. समजा, तळहात (१०, ४०, ९०) या बिंदूवर असून वस्तू (१०, ४६, ९०) येथे आहे. मापे सेंटिमीटरमध्ये आहेत व तिसरे माप उंचीचे आहे. दोहोंतील अंतर (०, ६, ०) एवढे होते. आता तळहात उभ्या अक्षाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश फिरविला, तर हे अंतरही त्याच्याबरोबर फिरून (-६, ०, ०) होते आणि वस्तू (४, ४०, ९०) येथे येते. संगणक जतन करतो ते हे सापेक्ष अंतर व सापेक्ष वळण. वस्तू केवळ जवळ ठेवली असेल, तर हात फिरतो आणि वस्तू जागच्या जागी राहते.

येथे तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, वस्तूचा केंद्रबिंदू जेथे ती धरली जाते तेथे असावा. अन्यथा ती भलत्याच बिंदूभोवती फिरते. दुसरी, जोडणीच्या क्षणी वस्तू उडी मारून दूर गेल्यास पालकाची त्या क्षणाची स्थिती हिशेबातून वजा झालेली नाही असे समजावे. ब्लेंडरमधील ‘चाइल्ड ऑफ’ या बंधनात त्यासाठी ‘सेट इन्व्हर्स’ ही आज्ञा आहे. तिसरी, हाताची अस्थी एकाच दिशेने ताणून मोठी केलेली असेल तर तो ताण वस्तूतही उतरतो आणि वस्तू वळविताच ती तिरपी होते. म्हणून आकारातील बदल जोडणीपूर्वीच कायम करून घ्यावेत.

३. पेटीचरख्यावरील तीन संबंध
पेटीचरखा ‘येरवडा चरखा’ या नावानेही ओळखला जातो. त्यात मोठे चाक, गती वाढविणारे लहान चाक, दोरीची माळ आणि टोकदार चाती हे मुख्य भाग असतात. कातणारी व्यक्ती सामान्यतः उजव्या हाताने मोठ्या चाकाची मूठ फिरविते आणि डाव्या हातातील पेळूतून सूत ओढते. या एकाच क्रियेत तीन वेगवेगळे संबंध आढळतात.

३.१ वस्तू हाताच्या मागे जाते : पेळू हा कापसाचा पिंजून वळलेला लहान नळा होय. डावा हात जाईल तेथे पेळू जातो. म्हणून तो हाताचे अपत्य असावा. संपूर्ण मुठीत धरलेली वस्तू तळहाताच्या अस्थीस जोडावी, बोटाच्या अस्थीस नव्हे. अन्यथा बोट मिटताच वस्तू डुलते. पेळू मात्र अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत असतो. त्यामुळे तो तर्जनीस जोडून अंगठा त्यावर आणून टेकविणे सोयीचे ठरते.

३.२ हात वस्तूच्या मागे जातो : मूठ चाकाला खिळलेली असते. तिला उजव्या हाताचे अपत्य केले तर ती चाकापासून सुटेल. येथे पालकत्व उलटते. मूठ चाकाचे अपत्य आणि हाताचे लक्ष्य मूठ, अशी रचना करावी लागते. लक्ष्य दिल्यावर कोपर व खांदा किती वळावेत हे संगणक उलट दिशेने काढतो. या पद्धतीस ‘इन्व्हर्स किनेमॅटिक्स’ म्हणतात.

ही रचना टाळून हाताची चार स्थाने डोळ्यांनी जुळविण्याचा मोह होतो. त्याचा परिणाम गणिताने दाखविता येतो. मूठ चाकाच्या मध्यापासून ८ सें.मी. अंतरावर आहे असे मानू. पेटीचरख्याची चाके आडवी असल्याने मूठ जमिनीस समांतर वर्तुळात फिरते. दर पाव फेऱ्याला हाताचे स्थान नोंदविले आणि मधला प्रवास सरळ रेषेत होऊ दिला, तर दोन नोंदींच्या मध्यावर हात केंद्रापासून सुमारे ५.७ सें.मी. अंतरावर असतो. मूठ मात्र ८ सें.मी. वरच असते. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात चार वेळा हात मुठीपासून सुमारे २.३ सें.मी. आत सरकतो. चलच्चित्रात हा दोष तत्काळ जाणवतो.

३.३ वस्तू दोहोंना सांधते : सूत कोणा एकाचे अपत्य नाही. त्याचे एक टोक चातीशी, तर दुसरे डाव्या हाताच्या चिमटीशी असते आणि हात मागे जाताना त्याची लांबी वाढते. सूत केवळ हाताला जोडल्यास त्याचे दुसरे टोक चातीपासून निसटते. ब्लेंडरमधील ‘स्ट्रेच टू’ हे बंधन एक टोक स्थिर ठेवून दुसरे लक्ष्यापर्यंत पोहोचविते. मात्र त्यातील घनफळ कायम ठेवण्याची सोय बंद करावी. नाहीतर सूत लांबताना बारीक होत जाते. प्रत्यक्षात लांबी वाढते ती पेळूतून नवे तंतू येत असल्यामुळे.

४. स्थिर चित्रातील निवड
कताईचे टप्पे ठरलेले आहेत. पीळ भरताना सूत चातीच्या टोकावरून तिरपे निघते. त्यानंतर चाक किंचित उलट फिरवून टोकावरचे वेढे सोडविले जातात. शेवटी सूत चातीशी काटकोन करून तिच्यावर गुंडाळले जाते आणि डावा हात पुन्हा चातीजवळ येतो. स्थिर चित्र यांपैकी एकाच क्षणाचे असू शकते. हात चातीकडे अर्ध्या वाटेवर आलेला आणि सूत काटकोनात गुंडाळले जात आहे, असा अर्धा चातीवर भरण्याचा क्षण दाखविताना चाक सुलट दिशेने व सावकाश फिरत असले पाहिजे. चित्रकाराने टप्पा आधी निवडून त्यानुसार सुताचा कोन, हाताचे अंतर आणि चातीवरील सुताचा साठा ठरवावा.

वस्त्रांची बाब वेगळी आहे. लुगड्याचा पदर किंवा खांद्यावरील पंचा ही ताठर वस्तू नसल्याने एका अस्थीस जोडून चालत नाही. त्यांच्या निरनिराळ्या भागांवर अनेक अस्थींचा कमीअधिक प्रभाव वाटून द्यावा लागतो किंवा कापडाचे अनुकरण करणारी प्रणाली वापरावी लागते.

५. निष्कर्ष
(१) वस्तू जोडण्यापूर्वी पालक कोण व अपत्य कोण हे प्रत्यक्ष क्रियेवरून ठरवावे; आज्ञावलीवरून नव्हे. (२) हातात धरलेली प्रत्येक वस्तू हाताचे अपत्य असतेच असे नाही. यंत्राच्या बाबतीत बहुधा हातच यंत्राच्या मागे जातो. (३) दोन टोकांना बांधलेल्या वस्तूस दोन आधार द्यावे लागतात. (४) चूक बहुतेक वेळा संगणकाची नसून निरीक्षणाची असते. म्हणून चित्रणास आरंभ करण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी चरख्यावर प्रत्यक्ष काही हात सूत कातून पाहणे हितावह ठरेल. संगणकशास्त्राचा विद्यार्थी आणि चरखा जाणणारी व्यक्ती एकत्र बसल्यास जिल्ह्यातील हस्तकौशल्यांची विश्वसनीय त्रिमितीय नोंद विनामूल्य साधनांनिशी महाविद्यालयीन स्तरावर तयार होऊ शकते.