‘इन’, ‘ऑन’ आणि ‘टू’ यांचा शिरस्ता

दिवा आणि डोंबिवली यांच्या दरम्यानच्या कोपर स्थानकात मुख्य मार्गाचे फलाट खाली आणि दिवा-वसई मार्गाचे फलाट त्यांच्या डोक्यावर, अशी द्विस्तरीय रचना असल्यामुळे ‘वर’ म्हणजे वरच, याविषयी कोणास शंका येत नाही. संगणकाच्या पडद्याच्या मुलखात मात्र हा भोळेपणा चालत नाही. कोपर-डोंबिवलीच्या भागातून ठाणेमार्गे ऐरोली-महापेच्या कचेऱ्या गाठणाऱ्यांपैकी ज्यांच्या वाट्याला इंग्रजीत सूचना लिहिण्याचे काम येते, त्यांचे व्याकरण पक्के असूनही त्यांची लेखणी अडखळते ती ‘इन’, ‘ऑन’, ‘टू’ या चिमुकल्या शब्दांपाशीच.

याचे कारण असे, की पडदा सपाट आहे. त्याला आत नाही आणि बाहेरही नाही. तरीही ज्यांनी तो आखला त्यांनी काही वस्तू पात्रासारख्या कल्पिल्या आणि काही पृष्ठासारख्या, आणि इंग्रजी शब्दयोगी अव्यय त्या कल्पनेच्या मागे चालते. डायलॉग बॉक्स, विंडो, फील्ड यांना म्हणून ‘इन’ लागते. पेज, टॅब, टूलबार यांना ‘ऑन’. मेन्यूच्या बाबतीत तर मातब्बरांतच मतभेद आहेत: मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पुस्तिकांचा शिरस्ता ‘ऑन द फाइल मेन्यू’ असा, तर गूगलच्या शैलीनियमांत मेन्यू ‘इन’च्या यादीत बसतो. इंग्रजीत उपाहारगृहातला पदार्थही मेन्यूवरच असतो, हे ध्यानात घेता मला पहिला पक्ष अधिक सरस वाटतो.

‘बटणावर क्लिक करा’ या आपल्या वाक्यातून ‘वर’ काढता येत नाही, सबब आपण इंग्रजीतही बिनदिक्कत ‘क्लिक ऑन’ लिहितो. मायक्रोसॉफ्टच्या शैलीपुस्तिकेला ते ‘ऑन’ मंजूर नाही. नुसते ‘क्लिक सेव्ह’ पुरे. ‘साइन इन टू’मधले ‘इन’ क्रियापदाच्या पदरचे आणि ‘टू’ पुढच्या नामाचे, म्हणून त्या दोहोंचा संधी करून ‘इनटू’ लिहिणे चूक.

एवढ्यावर भागते तर हा केवळ शुद्धलेखनाचा तंटा ठरला असता. परंतु समजा, एखाद्या प्रणालीत उत्तराची वाट पाहण्याची मुदत ३० सेकंदांची आहे आणि सूचना आली, की ती ‘टू १०’ कमी करा. मुदत १० सेकंदांवर येईल. तीच सूचना ‘बाय १०’ अशी असेल तर मुदत २० सेकंद उरेल. मराठीत ‘१० पर्यंत’ आणि ‘१० ने’ हा भेद शाळकरी पोरही जाणते. इंग्रजी लिहिताना मात्र जाणता मनुष्य घाईत ‘टू’च्या जागी ‘बाय’ ठेवून मोकळा होतो, आणि शब्दतपासनीस यंत्राला त्यात काहीच वावगे दिसत नाही, कारण दोन्ही वाक्ये निर्दोष असतात.

उलट दिशेनेही हा त्रास आहेच. इंग्रजीत ‘इन’ एकदा लिहून पुढे शहराच्या नावासाठी रिकामी जागा सोडली, की वाटेल ते नाव तेथे बसते. मराठीत नाव स्वतःच रूप पालटते: ठाणे ‘ठाण्यात’ होते, डोंबिवली ‘डोंबिवलीत’. यंत्राला हे सामान्यरूप न शिकवल्यामुळे ‘ठाणे मध्ये’ असली तुटक मराठी आपल्या दृष्टीस पडते. यावर एक जुना, साधा तोडगा आहे: लोकलमधली घोषणा ‘पुढील स्टेशन, कोपर’ एवढेच म्हणते, नावाला प्रत्ययच लावीत नाही. प्रणाली लिहिणाऱ्यांनीही ‘शहर: ठाणे’ अशी मांडणी केली तर प्रश्न मिटतो.

बाकी, मेन्यूला ‘इन’ द्यावे की ‘ऑन’, हे प्रत्येक कचेरीने एकदा ठरवून दफ्तरी नोंदवावे आणि पुन्हा वाद घालू नये. परंतु जेथे आकडा आहे तेथले ‘टू’ आणि ‘बाय’ मात्र, ज्याने ते लिहिले नाही अशा दुसऱ्या माणसाकडून, पुस्तिका बाहेर पडण्यापूर्वी अवश्य तपासून घ्यावेत.