जुनी हत्यारं, घरची कार्यशाळा (भाग 6) : सामता, ब्रेस आणि टोकाची धार

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातले पहिले दोन संच 1970-71 चे. ते आता बंद आहेत. त्यानंतर 1979 ते 1981 या काळात 210 मेगावॉटचे तीन संच आले. वीजनिर्मितीवर ज्या वसाहतीचं पोट चालत आलं, तिथल्या घरच्या कार्यशाळेत हाताने फिरवायचं जुनं ड्रिल दुरुस्त करत बसावं का, हा प्रश्न रास्त आहे. इलेक्ट्रिक ड्रिल आता बऱ्याच घरांना परवडतं. तरीही बसावं, असं माझं मत आहे; मात्र एका अटीवर. दुरुस्तीचा वेळ गंज घासून सांगाडा चमकवण्यात न घालवता लाकडात शिरणाऱ्या टोकावर घालवायला हवा. जुन्या ड्रिलबद्दलची बहुतेक निराशा बोथट टोकामुळे येते आणि दोष मात्र हत्याराच्या जुनेपणाला दिला जातो.

सुतारांचा सामता घ्या. कमानीची दोरी दांड्याला एक वेढा घालते आणि कमान पुढेमागे ओढली की दांडा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरतो. म्हणून त्याचं टोक चपटं, भाल्यासारखं असतं आणि दोन्ही अंगांनी खरवडतं. खंबायतचे अकीक कारागीर मण्यांना भोक पाडताना हिरकणी बसवलेलं टोक अशाच कमानीने फिरवतात. दिशा उलटली तरी काम थांबत नाही. आता याच सामत्याला कुणी बाजारातलं पीळदार बिट बसवलं, तर ते एकाच दिशेने कापतं आणि परतीचा प्रत्येक फेरा वाया जातो. तेव्हा सामता पुन्हा कामाला लावायचा असेल तर चपटं टोक घडवून घ्यावं, त्याची दोन्ही अंगं सारखी ठेवावीत आणि अणी मधोमध आणावी. दांडा काळा राहिला तरी काही बिघडत नाही.

ब्रेसचं, म्हणजे वाकड्या दांड्याची मूठ गोल फिरवून चालवायच्या हातड्रिलचं, गणित वेगळं. तिथे फिरणं सलग आहे आणि भर वेगावर नाही, जोरावर आहे. दहा इंच व्यासाच्या फेऱ्याच्या ब्रेसची मूठ मध्यापासून पाच इंचांवर फिरते. एक इंची भोकाची कड मध्यापासून अर्ध्या इंचावर असते. म्हणजे घर्षण सोडलं तर हाताचा जोर कडेशी दहापट होऊन पोचतो. विल्यम बार्बर याने 1864 मध्ये अमेरिकेत ब्रेसच्या चकाचं, म्हणजे बिट पकडणाऱ्या भागाचं, पेटंट घेतलं. आट्यांचं कवच फिरवलं की आतले जबडे बिटाच्या चौकोनी, निमुळत्या बुडाला आवळतात. जुन्या बाजारात मिळणाऱ्या अनेक ब्रेसमध्ये आजही हीच रचना दिसते. कवच जाम झालेलं असेल तर रॉकेलमध्ये एक-दोन दिवस बुडवावं. हातोडा घालू नये.

खरं काम त्यापुढे आहे. ब्रेसला लावायच्या ऑगर बिटाला तीन अवयव असतात : मधलं मळसूत्री टोक बिटाला आत ओढतं, कडेचे दात लाकडाचे तंतू गोलाकार चिरतात आणि मागून येणारे ओठ तो भाग उचलून बाहेर काढतात. बारीक कानशीने दात फक्त आतून घासावेत. बाहेरून घासले तर कापला जाणारा घेर लहान होतो आणि मागचा पीळ भोकात अडकतो. ते बिट मग कायमचं गेलं. ओठांना धार लावताना बुडाकडची बाजू घासायची, लाकडाकडची नाही. मळसूत्राच्या आट्यांतली घाण सुईने काढावी, कारण आटे भरले की ओढ संपते आणि माणूस छाती टेकवून दाबत राहतो. सागात सिलिका असते, तो धार लवकर खातो. नाशिकच्या जुन्या घरातली सागवानी फळी दुरुस्त करायला घेतलेल्याने कानस हाताशीच ठेवावी. बिटाच्या बुडावरचा आकडा इंचाचे सोळावे भाग सांगतो. 8 म्हणजे अर्धा इंच. तो आकडा आणि बनवणाऱ्याचा ठसा तारेच्या ब्रशखाली जाऊ देऊ नये.

यावर कुणी म्हणेल, मग हेच जुनं बिट इलेक्ट्रिक ड्रिलला लावू. लावू नये. मळसूत्र प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं अंतर आत जातंच. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी ते लाकडात घुसलं तर मनगट पिरगळून निघतं. शिवाय जुनी बिटं बहुधा साध्या कार्बन पोलादाची. घर्षणाने सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापली की निळी पडतात आणि धार मऊ होते. ब्रेसच्या संथ फिरण्यात ही वेळ येत नाही, आणि भोक तिरकं जायला लागलं तर दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला कळतं.

दुसरा आक्षेप जुन्या वस्तूंच्या संग्राहकांचा : घासलं की मोल जातं. दुर्मीळ नगाबाबत ते बरोबर आहे, तो तसाच ठेवावा. पण जुन्या बाजारात ढिगाने पडलेल्या ब्रेसची गोष्ट निराळी. त्यांवरचा सैल गंज रॉकेल आणि बारीक लोखंडी काथ्याने काढावा, जुना रंग कोरडा घासू नये (त्यात शिसं असू शकतं), मुठीला जवसाचं तेल चोळावं. तेलाचं फडकं चुरगळून टाकू नये, पसरून वाळवावं. ते आपोआप पेट घेऊ शकतं.

तिसरा आक्षेप कष्टांचा, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. विटांची भिंत, काँक्रीट, जाड लोखंडी पट्टी किंवा एका बैठकीत पन्नास भोकं असतील तर वीजच हवी. बिजागरीच्या चार स्क्रूंना, खुंटीच्या भोकांना, पातळ फळीला हाताचं ड्रिल पुरतं. फळीत भोक पाडताना मळसूत्राचं टोक पलीकडे जेमतेम दिसलं की थांबावं, फळी उलटवावी आणि त्याच खुणेवरून उरलेलं भोक पुरं करावं; पलीकडची कड फुटत नाही.