भेजा, कलेजी आणि प्रिऑन

‘नीट शिजवले की मांस निर्धोक’ असे आपण वर्गात सांगतो. जंतूंपुरते ते खरे आहे. गुरांच्या भेज्याबाबत मात्र हा नियम अपुरा पडतो.

१९८६ साली ब्रिटनमध्ये गुरांचा एक नवा मेंदूरोग ओळखला गेला. मेंदूला स्पंजासारखी छिद्रे पडत, जनावर अडखळून कोसळे. मेलेल्या गुरांचे मांस व हाडे दळून केलेली भुकटी पशुखाद्यात घातल्याने हा रोग पसरला. १९८९ मध्ये मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा, टॉन्सिल व आतडी मानवी आहारातून वगळण्यात आली. कलेजी, हृदय व गुर्दा या बंदीत नव्हते. मार्च १९९६ मध्ये या रोगाचा माणसांतील मेंदूरोगाशी संबंध सरकारने मान्य केला. लागण आणि लक्षणे यांत अनेक वर्षे जातात. एकट्या ब्रिटनमध्ये १७८ जण दगावले.

रोगाचे कारण प्रिऑन, म्हणजे घडी बिघडलेले प्रथिन. या शोधाबद्दल स्टॅन्ली प्रुसिनर यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रिऑन मुळात सजीवच नाही, तेव्हा उकळून मरणार तरी काय?

जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये भारताला या रोगाच्या ‘नगण्य धोका’ गटात ठेवले. (हॉटेलातला भेजा फ्राय तर बहुधा बोकडाचाच असतो.) आपल्याकडची काळजी वेगळी आहे. गुरांच्या १०० ग्रॅम भेज्यात सुमारे ३ हजार मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. कलेजीत अ जीवनसत्त्व इतके असते की गरोदर स्त्रियांनी ती टाळावी, असा सल्ला दिला जातो. रक्तात युरिक ॲसिड वाढलेल्यांना कलेजी-गुर्दा त्रासदायक ठरतो.