मोजक्या माणसांचे मंगलकार्य

कापसाचा शेवटचा वेचा आटोपला, तूर-हरभरा घरात आला, की यवतमाळ जिल्ह्यात लग्नसराईचे वेध लागतात. दारी मांडव पडतो, पुसद-दारव्ह्यापासून वणी-पांढरकवड्यापर्यंतचे सोयरेधायरे जमतात आणि गावजेवणाच्या पंगती उठतात. २०२० साली मात्र ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, २५ मार्चला, देशभर टाळेबंदी सुरू झाली. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्तही तिच्यातच गेला. ज्या घरी पत्रिका वाटून झाल्या होत्या, त्या घरांपुढे प्रश्न उभा राहिला: कार्य पुढे ढकलावे, की मोजक्या माणसांत उरकावे?

संख्येचे बंधन कशासाठी?

मे २०२० मध्ये केंद्र शासनाने विवाहास ५० पाहुण्यांपर्यंत अनुमती दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती विभागात रुग्णसंख्या पुन्हा वाढू लागली, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातही निर्बंध कडक झाले. त्या वर्षीच्या २२ एप्रिलपासून राज्यात लागू झालेल्या आदेशानुसार विवाहास २५ जणांचीच मर्यादा होती. सोहळा एकाच सभागृहात आणि दोन तासांत आटोपावयाचा होता. नियम मोडणाऱ्यास ५० हजार रुपयांचा दंड होता.

हे आकडे अनेकांना जाचक वाटले. त्यांमागील हिशेब मात्र साधा आहे. २५ माणसे एकत्र आली, तर त्यांच्यात दोघादोघांच्या भेटीच्या ३०० जोड्या संभवतात. ५० माणसांत १,२२५ आणि ५०० माणसांत तब्बल १,२४,७५०. माणसे वीसपट झाली, तर संसर्गाच्या वाटा चारशेपटींहून अधिक होतात. शिवाय या रोगाची लक्षणे दिसण्यास दोन ते चौदा दिवस लागत आणि लक्षणे नसलेला मनुष्यही तो पसरवू शकत असे. वऱ्हाडी मंडळी वेगवेगळ्या गावांहून येतात, बंद सभागृहात तासन् तास बसतात, मोठ्याने बोलतात, पंगतीत तोंडावरची पट्टी काढतात आणि आपापल्या गावी परततात. म्हणूनच एका मांडवातून अनेक गावांत रोग पोहोचण्याची भीती होती.

साथीच्या काळात गर्दीवर नियंत्रण आणणे ही नवी गोष्ट नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि पुढच्याच वर्षी साथरोग अधिनियम, १८९७ अस्तित्वात आला. सव्वाशे वर्षांनंतर तोच कायदा, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याच्या जोडीने, पुन्हा उपयोगात आणावा लागला.

विवाहास आवश्यक ते काय?

थोड्या माणसांत झालेला विवाह अपुरा तर नाही ना, अशी शंका वडीलधाऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक होते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ प्रमाणे वधू किंवा वर यांच्या रूढीनुसार विधी झाले म्हणजे विवाह होतो. जेथे सप्तपदी रूढ आहे, तेथे सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो. पाहुण्यांच्या संख्येचा उल्लेख त्यात कोठेही नाही. विशेष विवाह अधिनियम, १९५४ प्रमाणे तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार पुरेसे असतात. विवाहाची नोंदणी मात्र कोणीही टाळू नये. वारसा, पारपत्र आणि शासकीय योजना यांसाठी तोच खरा पुरावा ठरतो.

साधेपणाची परंपराही महाराष्ट्राची स्वतःची आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह पार पडला. अल्प खर्चात आणि पुरोहिताविना झालेल्या त्या विवाहाने थाटमाटाचे ओझे झुगारण्याचा मार्ग दाखविला होता.

झळ आणि शिकवण

छोट्या विवाहाची झळ सर्वांनाच सारखी बसली नाही. मंडपवाले, वाजंत्री, आचारी, फूलवाले यांचे वर्षाचे उत्पन्न लग्नसराईच्या चार महिन्यांवर अवलंबून असते. त्यांचे दोन हंगाम बुडाले. पंचविसांच्या यादीत कोणाला घ्यावे आणि कोणाला वगळावे, हा तर घरोघरी जिव्हारी लागणारा प्रश्न होता. वृद्ध आजी-आजोबांना रोगाचा धोका अधिक, म्हणून ज्यांचा आशीर्वाद सर्वांत मोलाचा, त्यांनाच कित्येकदा घरी राहावे लागले. काहींनी दूरध्वनीच्या चित्रपटलावर नातवंडांची सप्तपदी पाहिली आणि तेथूनच अक्षता टाकल्या.

दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. यवतमाळसारख्या कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात लग्नासाठी काढलेले कर्ज पुढील पेरणीच्या पैशावर येऊन बसते. बियाणे, खत यांसाठी हाती काही उरत नाही आणि एक पाऊस चुकला की घर खचते. टाळेबंदीपूर्वी साधे लग्न केले, तर 'लोक काय म्हणतील' ही धास्ती असे. नियमाने ती धास्ती काही काळ दूर केली आणि घरापुढील अंगणात, चार जवळच्या माणसांत झालेल्या लग्नानेही संसार तितकाच सुखाचा उभा राहतो, हे दिसून आले.

एप्रिल २०२२ मध्ये, पाडव्याच्या सुमारास, राज्यातील निर्बंध उठले. मांडव पुन्हा भरले, वाजंत्री पुन्हा वाजू लागली आणि ते योग्यच झाले. आनंद वाटल्याने वाढतो. परंतु पाहुण्यांची यादी करताना घरच्या कर्त्या माणसाने पेरणीचा हिशेबही शेजारी ठेवावा. नियमाने जे करावे लागले, त्यातील हितकारक तेवढे स्वेच्छेने स्वीकारणे आपल्याच हाती आहे.