तेलुगू अक्षराचा माथा

देवनागरी आणि तेलुगू या दोन्ही लिप्या ब्राह्मीच्या वंशातल्या असल्या, तरी पाहणाऱ्याला त्या एकमेकींच्या नात्यातल्या वाटत नाहीत, आणि हा दुरावा मुख्यतः अक्षरांच्या माथ्यावरून येतो. ब्राह्मीची जुनी अक्षरे उघड्या माथ्याची होती. पुढे लेखणी टेकवताना उभ्या रेघेच्या टोकाशी लहानशी जाड खूण उमटू लागली आणि ती दगडावरच्या कोरीव अक्षरांतही उतरली. उत्तरेत ही खूण रुंदावत शेजारच्या अक्षरांच्या खुणांना जाऊन मिळाली व तिची शिरोरेषा झाली. दक्षिणेत मात्र ती ज्या त्या अक्षरापुरतीच राहिली. तेलुगूत तिला ‘तलकट्टु’ म्हणतात आणि आजच्या छापील अक्षरावर ती शिक्षकाने उत्तराला दिलेल्या बरोबरच्या खुणेसारखी तिरपी दिसते.

तेलुगू लिपीच्या उगमाची चर्चा बहुधा भट्टिप्रोलूपासून सुरू होते. आंध्रातील या गावच्या स्तूपात १८९२ मध्ये अलेक्झांडर री यांना अस्थिकरंडक सापडले. त्यांवरील प्राकृत लेख इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकातले मानले जातात. त्यांतील काही अक्षरांची घडण वेगळी आहेच, पण अधिक लक्षणीय आहे ती स्वरांची रीत. अशोकाच्या ब्राह्मीत नुसते व्यंजन लिहिले की त्यात ‘अ’ गृहीत असतो. भट्टिप्रोलूच्या लेखनिकांनी मात्र ‘अ’साठीही स्वतंत्र रेघ जोडली. ही रीत पुढे टिकली नाही, म्हणून भट्टिप्रोलूला तेलुगू लिपीची थेट जननी ठरवण्याचा उत्साह आवरता घेणेच बरे. आजच्या अक्षरांचा माग सातवाहनकालीन दक्षिणी ब्राह्मीतून कदंब आणि बदामीचे चालुक्य यांच्या लेखांपर्यंत अधिक सलगपणे लावता येतो. दुसऱ्या पुलकेशीचा भाऊ कुब्ज विष्णुवर्धन याने वेंगी येथे आपली शाखा स्थापन केल्यावर कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडच्या प्रदेशातही हेच वळण रुळले. त्याच्याही आधी, सुमारे इ. स. ५७५ मध्ये, कडप्पा भागातील रेनाटी चोळांनी कलमल्ला येथे तेलुगू भाषेतील लेख कोरवला होता. तो तेलुगूतील सर्वांत जुना लेख मानला जातो.

कन्नड आणि तेलुगू यांची लिपी पुढे कित्येक शतके एकच होती. नन्नयाने अकराव्या शतकात राजमहेंद्री येथे महाभारताचे तेलुगू रूपांतर आरंभले, तेव्हाच्या लिपीलाही अभ्यासक ‘तेलुगू-कन्नड लिपी’ असेच म्हणतात. तेराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान दोघींची वळणे वेगळी होत गेली आणि एकोणिसाव्या शतकातील छपाईच्या खिळ्यांनी ती पक्की केली. आजही सर्वांत सहज ओळखता येणारा फरक माथ्यावरच सापडतो, कारण कन्नडची खूण आडवी राहिली आणि तेलुगूची तिरपी झाली. अक्षरांच्या गोलाईचे श्रेय सामान्यतः ताडपत्राला दिले जाते. दक्षिणेत पानावर ‘गंटमु’ या लोखंडी टोच्याने अक्षर कोरून मग त्यात काजळी भरत असत, आणि पानाच्या शिरांना समांतर अशा सरळ रेघेने पान फाटण्याचा धोका असे. स्पष्टीकरण पटणारे आहे, मात्र ताडपत्र उत्तरेतही वापरात होते; तेथे त्यावर शाईने लिहीत, तेव्हा फरक पानापेक्षा लेखणीने पाडला असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

लिपीची अंतर्गत रचना मराठी वाचकाला परकी वाटू नये. बाराखडीला तेलुगूत ‘गुणिंतमु’ म्हणतात, वर्णांचा क्रमही तोच आहे आणि ‘ळ’ही आहे. द आणि ड यांच्या खाली छोटी उभी रेघ दिली की अनुक्रमे ध आणि ढ तयार होतात, ही सोय तर देवनागरीतही नाही. काना, वेलांटी किंवा मात्रा लागली की तलकट्टु निघून जातो आणि त्या जागी स्वरचिन्ह बसते. व्यंजनाचा पाय मोडायचा असेल तरी तो काढूनच मोडावा लागतो. त्यामुळे तलकट्टु हे जणू ‘अ’चेच चिन्ह आहे असे वाटते, पण उकार लागला तरी तो टिकतो आणि ज, ण, ल यांच्या माथ्यावर तो मुळातच नसतो.

खरी उलटापालट जोडाक्षरात आहे. देवनागरीत पहिले व्यंजन अर्धे होते आणि शेवटचे पूर्ण राहते. तेलुगूत पहिले पूर्ण राहते आणि पुढची लहान होऊन त्याच्या खाली किंवा बाजूला जातात. या लहान रूपाला ‘वत्तु’ म्हणतात. त, न, म, य, र, ल यांचे वत्तु मूळ अक्षराहून इतके निराळे असतात की ते वेगळे शिकावे लागतात. स्वरचिन्ह मात्र वरच्या अक्षरालाच लागते, म्हणजे ‘स्त्री’ लिहिताना ईकार ‘स’वर बसतो, जरी उच्चारात तो ‘र’नंतर येत असला तरी. अशी मांडणी संगणकाला अवघड जाते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘ज्ञा’ या तेलुगू अक्षराच्या एका विशिष्ट सांकेतिक रूपाने आयफोनवरची अॅप बंद पडत होती, आणि अॅपलला त्यासाठी तातडीने दुरुस्ती काढावी लागली.

द्राविडी ध्वनींसाठी लिपीने काही भर घातली आहे. ए आणि ओ यांची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन-दोन रूपे तेलुगूत वेगळी लिहिली जातात. ‘नेल’ या शब्दातील ए ऱ्हस्व असेल तर अर्थ महिना, दीर्घ असेल तर जमीन; नेहमीच्या देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतील. अंत्य ‘अ’ही तेलुगूत पूर्ण उच्चारला जातो, मराठीसारखा गिळला जात नाही.

एका बाबतीत मात्र दोन्ही लिप्या व्यवहारात सारख्याच अपुऱ्या ठरतात. मराठीतल्या ‘चूल’ आणि ‘चिंच’ यांच्या आरंभीचे च जसे भिन्न आहेत, तसेच तेलुगूत ‘चाप’ (चटई) आणि ‘चेप’ (मासा) यांतील च भिन्न आहेत. देशी शब्दांत अ, उ, ओ यांच्या आधी दंत्य आणि इ, ए यांच्या आधी तालव्य, असा साधारण नियम आहे. दंत्य च आणि ज यांसाठी तेलुगूत माथ्यावर खूण केलेली स्वतंत्र अक्षरे आहेत आणि २००८ मध्ये त्यांना युनिकोडमध्येही स्थान मिळाले, पण रोजच्या लेखनात ती कोणी वापरत नाही.