हरवलेला आवाज पुन्हा मागवावा का?

इंटरनेटवरील संभाषणात आवाजाचे साधारणपणे 20 मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे, तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकडा 'पॅकेट' नावाच्या स्वतंत्र गठ्ठ्यातून रवाना होतो. वाटेत गर्दी झाली किंवा वायफाय क्षीण झाले, की यांपैकी काही पॅकेटे गहाळ होतात.

'टीसीपी' हा जुना नियमसंच हरवलेले पॅकेट पुन्हा मागवतो आणि ते येईपर्यंत मागची पॅकेटे अडवून धरतो. ईमेलसाठी हे योग्यच आहे. संभाषणासाठी मात्र घातक, कारण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका बाजूने 150 मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि मुंबई–न्यूयॉर्क हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरांच्या आसपास असल्याने एका फेरीलाच किमान साठ मिलिसेकंद लागतात. मग पहिली निष्फळ फेरी, उलट मागणी आणि पुन्हा पाठवणी अशा तीन फेऱ्यांत ही मर्यादा ओलांडली जाणार, हे उघड आहे. डॅनी कोहेन यांच्यासारख्या आवाजावर प्रयोग करणाऱ्या संशोधकांनी ही अडचण 1970च्या दशकातच मांडली होती. पुढे पॅकेटे केवळ पोहोचवण्याचे काम टीसीपीतून वेगळे काढण्यात आले आणि 1980 साली, पुन्हा न मागवणारा 'यूडीपी' हा नियमसंच आला.

त्यावर उभी असलेली खरी युक्ती म्हणजे नुकसानीची भरपाई आधीच पाठवून ठेवणे. चार पॅकेटांतील समान स्थानावरचे अंक घेऊन, एकांची संख्या सम होईल असा अंक पाचव्या पॅकेटात लिहिला, तर पाचांपैकी कोणतेही एक हरवले तरी उरलेल्या चारांवरून ते तंतोतंत उभे करता येते. मात्र त्यासाठी पाचव्याची वाट पाहावी लागते, म्हणजे पहिलेच पॅकेट हरवल्यास जवळपास 80 मिलिसेकंद खर्ची पडतात. 2012 साली प्रमाणित झालेल्या 'ओपस' या ध्वनिसंकेतन पद्धतीतील सोय अधिक शहाणपणाची वाटते: पुढच्याच पॅकेटात मागच्या तुकड्याची ढोबळ प्रत जोडता येत असल्याने दर्जा थोडा घसरतो, पण विलंब एका तुकड्यापुरताच राहतो.

तरीही गर्दीमुळेच पॅकेटे हरवत असतील, तर जादा प्रती गर्दी वाढवतात. राउटरमधील लांब रांगा हे विलंबाचे मोठे कारण असून, कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 साली मांडलेली 'कोडेल' ही पद्धत रांगेतील प्रतीक्षा लांबत राहिल्यास पॅकेटे मुद्दाम टाकून देते, जेणेकरून पाठवणारे यंत्र वेळीच वेग कमी करेल. घरच्या राउटरमध्ये अशी सोय असल्यास ती अवश्य सुरू करावी.